मॅटरहॉर्नचा वाटाड्या

युरोप खंडाच्या मध्यभागी आल्प्स पर्वताच्या रांगा पसरलेल्या आहेत. या पर्वताच्या दक्षिण उतारावर, इटलीच्या वायव्य कोपऱ्यात, आओस्ता नावाचे खोरे असून त्याची एक चिंचोळी शाखा उत्तरेकडे हिमशिखरांच्या थेट पायथ्याशी जाऊन भिडते. व्हाल्तुर्नांश हे त्या शाखेचे नाव. तिच्या अगदी टोकाला ब्रॉय नावाची लहानशी वस्ती आहे आणि त्या वस्तीच्या डोक्यावर मॅटरहॉर्न हा पर्वत उभा आहे. इटालियन लोक त्याला चेर्विनो म्हणतात. त्याच्यापेक्षा उंच शिखरे आल्प्समध्ये आणखी आहेत. परंतु चारही अंगांनी तासून काढलेला असा सुळका दुसरा नाही. त्याची उंची ४,४७८ मीटर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याच्या माथ्यावर मनुष्याचे पाऊल उमटले नव्हते. माथ्यावर एक ओसाड नगरी असून तेथे पिशाच्चांचा वास आहे, अशी आसपासच्या भोळ्या गावकऱ्यांची समजूत होती. खाली कोसळणाऱ्या दरडी म्हणजे त्या पिशाच्चांनी भिरकावलेले धोंडे, असे ते मानीत.

याच खोऱ्यात १८२९ साली जाँ-आंत्वान कारेल याचा जन्म झाला. लहानपणापासून डोंगर हेच त्याचे अंगण होते. रानबकऱ्यांच्या शिकारीसाठी तो कड्याकपारी तुडवीत असे. त्यामुळे कोणत्या खडकावर पाऊल ठरेल आणि कोणता खडक हाताखालून निसटेल, हे त्याला पाहताक्षणी कळू लागले. तरुणपणी तो सैन्यात गेला. टोपीत पिसांचा तुरा लावणारी बर्साल्येरी नावाची चपळ पायदळाची पलटण इटलीत प्रसिद्ध आहे. तिच्यात राहून तो इटलीच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला. १८४९ ची नोव्हाराची आणि १८५९ ची सोल्फेरिनोची, अशा दोन मोठ्या लढाया त्याने पाहिल्या. गावी परतल्यावरही लोक त्याला बर्साल्येरे या नावानेच ओळखीत. चालण्यातला शिपाईबाणा आणि बोलण्यातला ताठा त्याने अखेरपर्यंत सोडला नाही.

त्या काळी आल्प्सच्या खोऱ्यांत एक नवीन धंदा उदयास येत होता. इंग्लंडमधील विद्वान, धर्मोपदेशक व धनिक लोक उन्हाळ्यात आल्प्समध्ये येत आणि अनेक दिवस डोंगरांत हिंडून शिखरे चढत. त्यांना वाट दाखविण्यासाठी गावचे वाटाडे लागत. वाटाड्याचे काम केवळ पुढे चालण्याचे नसे. त्याने हिमकुऱ्हाडीने बर्फात पायऱ्या खोदाव्या, हिमनदीवरील भेगा ओळखाव्या, रात्रीच्या मुक्कामाची जागा शोधावी, आणि एकाच दोराने सर्वांना बांधून घेतले म्हणजे पाहुण्याचा पाय घसरताच त्याचा भार आपल्या अंगावर तोलून धरावा. ज्याला हे साधत नसे, त्याला पाठीवर ओझे वाहण्याचे काम मिळे. वाटाड्या आणि हमाल यांच्या मजुरीत जसे अंतर होते, तसेच मानातही होते. कारेलला हे अंतर फार झोंबे.

मॅटरहॉर्नवर मात्र पाहुणे येण्यापूर्वीच त्याची दृष्टी गेली होती. १८५७ साली आपल्या नात्यातील जाँ-जाक कारेल आणि आमे गोरे नावाचा एक तरुण यांना घेऊन तो पर्वताच्या नैर्ऋत्येकडील धारेच्या पायथ्यापर्यंत जाऊन आला. त्यांना कोणी पैसे दिले नव्हते, की कोणी पाठविले नव्हते. वरचा मार्ग सापडतो का, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. तो पर्वत आपला आहे आणि तो आपल्याच खोऱ्याच्या बाजूने जिंकला गेला पाहिजे, ही गाठ तेव्हापासून त्याच्या मनात बसली.

१८६१ मध्ये ब्रॉयला एक इंग्रज तरुण आला. त्याचे नाव एडवर्ड व्हिम्पर. लाकडावर चित्रे कोरण्याचा त्याचा व्यवसाय होता आणि आदल्याच वर्षी चित्रे काढण्याच्या कामासाठी त्याने आल्प्स प्रथम पाहिला होता. वय अवघे एकवीस वर्षांचे. पण मॅटरहॉर्नने त्यालाही झपाटले होते. त्याला एकच वाटाड्या हवा होता. या पर्वतावर दोन माणसे सोबत हवीत, असा कारेलचा आग्रह पडला. व्हिम्परने तो मानला नाही, तेव्हा कारेलने त्याच्याबरोबर जाण्यास साफ नकार दिला आणि आपल्या नातलगाला घेऊन तो स्वतंत्रपणे वर निघून गेला. त्या वेळेपर्यंत कोणी पोहोचले नव्हते इतक्या उंचीवर जाऊन त्याने खडकावर आपल्या नावाची अक्षरे कोरली आणि मग तो खाली उतरला. पुढे चार वर्षे या दोघांचे कधी जमे, कधी बिनसे. परंतु ज्याने या शिखराची आशा कधीच सोडली नाही असा वाटाडा एकच, ही गोष्ट व्हिम्पर पुरती ओळखून होता.

१८६२ सालचा एक प्रसंग कारेलच्या स्वभावावर प्रकाश टाकणारा आहे. जॉन टिंडल हे विख्यात शास्त्रज्ञ त्या वर्षी ब्रॉयला आले. त्यांनी आपले वाटाडे स्वित्झर्लंडहून आणले होते. कारेलला त्यांनी घेतले ते ओझी वाहण्यासाठी. ही मंडळी धारेवरून चढत पर्वताच्या खांद्यापर्यंत, म्हणजे ४,२४१ मीटर उंचीपर्यंत जाऊन पोहोचली. शिखर आता जेमतेम अडीचशे मीटर उरले होते. मध्ये धारेला एक खोल खाच होती. ती पाहून स्विस वाटाड्यांचा धीर सुटला. पुढचा मार्ग कोणता, असे टिंडल यांनी कारेलला विचारताच, आम्ही पडलो हमाल, तुमच्या वाटाड्यांनाच विचारा, अशा अर्थाचे उत्तर मिळाले आणि सर्वजण मागे फिरले. ही हकीगत व्हिम्परने लिहून ठेवली आहे. टिंडल यांना ती तशी मान्य नव्हती. तेव्हा शब्दांत थोडेफार इकडेतिकडे झाले असेल. पण ज्याला पुढारपण दिले नाही त्याने सल्ला तरी का द्यावा, हा विचार कारेलला शोभण्यासारखाच होता. अपमान गिळून काम करणाऱ्यांपैकी तो नव्हता.

इकडे १८६१ साली इटलीचे एकसंध राज्य स्थापन झाले होते. १८६३ मध्ये क्विंतिनो सेल्ला या राजकारणी पुरुषाच्या पुढाकाराने तुरीन येथे इटालियन अल्पाइन क्लब निघाला. आपल्या सीमेवरील हे शिखर परक्यांच्या आधी आपल्या लोकांनी गाठावे, अशी सेल्ला यांची उत्कट इच्छा होती. त्यांच्या वतीने फेलिचे जोर्दानो हे भूगर्भशास्त्रज्ञ १८६५ च्या जुलै महिन्यात ब्रॉयला आले आणि त्यांनी दोर, तंबू व शिधासामग्री यांची गुपचूप सिद्धता करून कारेलशी बोलणे पक्के केले. दैवयोगाने त्याच दिवसांत व्हिम्परही येऊन दाखल झाला. आपल्याला अमुक दिवसापासून प्रतिष्ठित प्रवाशांच्या कामावर जावयाचे आहे, एवढेच कारेलने त्याला सांगितले. ते काम म्हणजे मॅटरहॉर्नच आहे, हे मात्र सांगितले नाही. ११ जुलैच्या पहाटे कारेल आपल्या सोबत्यांसह धारेकडे रवाना झाला आणि व्हिम्परला ही बातमी न्याहारीच्या वेळी कळली. कारेलने शब्द मोडला नव्हता, हे खरे. पण त्याने अर्धे सत्य लपविले होते आणि तेवढ्यापुरता दोष त्याच्याकडे जातोच. या लपवालपवीचा परिणाम कोणाच्याही कल्पनेत नव्हता असा झाला.

संतापलेला व्हिम्पर थिओडूल खिंड ओलांडून पर्वताच्या पलीकडे, स्वित्झर्लंडमधील झर्मॅट गावी गेला. तेथे त्याला सोबती मिळाले. मिशेल क्रोझ हा फ्रेंच वाटाड्या, टाउगवाल्डर पितापुत्र आणि तीन इंग्रज प्रवासी मिळून त्यांची सात जणांची तुकडी झाली. जी बाजू खालून अभेद्य दिसे, ती प्रत्यक्षात सोपी निघाली. १४ जुलै रोजी दुपारी ते शिखरावर पोहोचले. माथ्याच्या कडेवरून त्यांनी खाली डोकावून पाहिले, तो इटलीकडील धारेवर मुंगीएवढी माणसे दिसली. तीच कारेलची तुकडी होती. आपण वर आहोत हे त्यांना कळावे म्हणून व्हिम्पर आणि क्रोझ यांनी आरडाओरडा केला आणि दगड लोटले. कारेलने मान वर करून पाहिले. व्हिम्परच्या अंगातील पांढऱ्या विजारीवरून त्याने त्याला ओळखले. आठ वर्षे जपलेले स्वप्न त्या क्षणी संपले. तेथूनच तो मागे वळला.

खाली ब्रॉयमध्ये मात्र आनंदीआनंद चालला होता. शिखरावर माणसे दिसली, ती आपलीच, असे समजून जोर्दानो यांनी सेल्ला यांना विजयाची वार्ताही लिहून टाकली. दुसऱ्या दिवशी कारेल खाली मान घालून गावात शिरला, तेव्हा खरा प्रकार सर्वांना समजला. त्याच्या बहुतेक सोबत्यांनी पुन्हा जाण्याचे नाव सोडले. तेव्हा पुढे आले ते आमे गोरे. १८५७ सालचा तो तरुण आता धर्मोपदेशक झाला होता. जोर्दानो यांनाही बरोबर जावयाचे होते. परंतु अनोळखी मार्गावर पाहुण्याच्या जिवाची हमी देणे शक्य नाही, म्हणून कारेलने त्यांना नेण्याचे नाकारले. ज्यांनी सारा खर्च सोसला त्यांनाच नाही म्हणणे सोपे नव्हते.

१६ जुलैला कारेल, गोरे, जाँ-बातिस्त बिश आणि मेने असे चौघे निघाले. दुसऱ्या दिवशी टिंडल यांच्या वाटाड्यांना अडविणारी ती खाच त्यांनी ओलांडली. माथा अगदी जवळ आला, तोच एक तुटलेली जागा लागली. तेथून दोराने खाली उतरता येत होते; परंतु परत येताना वरून ओढून घेण्यासाठी कोणीतरी मागे थांबणे अवश्य होते. गोरे थांबले आणि त्यांनी मेनेला आपल्याजवळ ठेवून घेतले. शिखर हाकेच्या अंतरावर असताना मागे राहणाऱ्या या माणसाचे नाव कारेलच्या बरोबरीने घेतले पाहिजे. कारेल आणि बिश वर गेले. तेथे व्हिम्परच्या लोकांनी तंबूच्या काठीला बांधलेला क्रोझचा सदरा वाऱ्यावर फडफडत होता. मान दुसऱ्याचा झाला होता, पण आपल्या खोऱ्यातून वर जाणारी वाट कारेलने सिद्ध केली.

तो सदरा तेथे लावणारा क्रोझ मात्र तेव्हा जिवंत नव्हता. १४ तारखेलाच उतरताना एका अननुभवी प्रवाशाचा पाय घसरला, त्याच्यासह चौघेजण कड्यावर खेचले गेले, मधला दोर तुटला आणि ते हजारो फूट खाली हिमनदीवर कोसळले. सातांपैकी व्हिम्पर आणि टाउगवाल्डर पितापुत्र एवढेच परतले. कारेल त्या दिवशी झर्मॅटच्या बाजूला असता तर काय घडले असते, हे कोणी सांगावे! वैर धरावयाचे तर दोघांनाही पुरेसे कारण होते. पण तसे झाले नाही. जोर्दानो यांना कारेलने १८६८ मध्ये, मार्ग पुरता माहीत झाल्यावर, शिखरावरून पलीकडे झर्मॅटला नेले आणि १८७४ मध्ये व्हिम्परलाही त्याने त्याच शिखरावर सोबत केली.

पुढे १८७९ च्या अखेरीस व्हिम्पर दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात गेला. अतिउंचीवर हवा विरळ झाली म्हणजे मनुष्यदेहावर काय परिणाम होतो, हे त्याला पाहावयाचे होते. सारे जग धुंडाळून त्याने वाटाडा निवडला तो कारेलच. त्याच्याबरोबर त्याचा चुलतभाऊ लुई कारेल हाही होता. अँडीज पर्वतातील त्या प्रदेशात ना नकाशे धड होते, ना पायवाटा. खेचरांवर सामान लादून, गवताळ पठारे आणि चिखलाची राने तुडवीत, आठवडेच्या आठवडे तंबूत काढावे लागत. चिंबोराझो हे ६,२६३ मीटर उंचीचे शिखर एके काळी पृथ्वीवरील सर्वांत उंच मानले जाई. थोर शास्त्रज्ञ हुंबोल्ट १८०२ मध्ये त्यावर बरेच वर जाऊन परतले होते.

सुमारे पाच हजार मीटर उंचीवरील दुसऱ्या मुक्कामाला पोहोचताच व्हिम्पर आणि दोघे कारेल एकदम आजारी पडले. डोके फुटेल असे दुखू लागले, ताप चढला, श्वासासाठी तोंड उघडे टाकावे लागले आणि कितीही पाणी प्याले तरी तहान भागेना. मौज अशी, की तुकडीबरोबर आलेला एक इंग्रज गृहस्थ सपाट रस्त्यावरही धड चालू शकत नसे, त्याला मात्र काहीच झाले नाही! कारेल बंधू आधी सावरले. धनी अंथरुणावर असतानाच ते वरचा मार्ग शोधण्यास निघाले.

४ जानेवारी १८८० रोजी पहाटे तिघे चढाईस निघाले. दुपारपर्यंत सारे ठीक चालले. मग माथ्यावरचा भुसभुशीत बर्फ लागला. त्यात माणूस कमरेपर्यंत रुते. पुढचा बर्फ झोडपून, दाबून, त्यावर हातापायांवर रांगत त्यांना एकेक पाऊल पुढे सरकावे लागले. चिंबोराझोला दोन घुमट आहेत. मोठ्या कष्टाने ते एकावर पोहोचले, तो दुसरा अधिक उंच दिसला! पुन्हा खाली उतरून त्याच बर्फातून त्यांनी खरा माथा गाठला तेव्हा दिवस कलला होता. अंधारात तंबूपर्यंत परत येईतो सोळा तास झाले होते आणि लुईचे पाय हिमदंशाने बधिर होऊन पडले होते.

पुढच्या काही महिन्यांत त्यांनी आंतिसाना, कायांबे यांसारखी इतर उंच शिखरे चढून पाहिली. कोटोपाक्सी या जागृत ज्वालामुखीच्या मुखाजवळ तर त्यांनी तंबू ठोकून रात्र काढली. बाहेर कडाक्याची थंडी आणि खालची जमीन इतकी ऊन, की तंबूच्या तळाचे रबर वितळू लागले. इलिनिझा शिखर व्हिम्परच्या हाती लागले नाही; ते दोघा कारेलांनी आपणच सर केले. जुलैमध्ये चिंबोराझोवर पुन्हा एकदा चढाई झाली. पहिल्या चढाईविषयी लोकांनी शंका घेतल्या होत्या, म्हणून या खेपेस त्याच देशातील दोन माणसे साक्षीदार म्हणून शिखरापर्यंत नेण्यात आली. दोघांनाही कारेलने सुखरूप खाली आणले.

गावी परतल्यावर कारेलने आपला धंदा चालूच ठेवला. मॅटरहॉर्नच्या धारेवर तोपर्यंत जागोजाग दोर बांधले गेले होते आणि महाबुरुज नावाच्या सुळक्याशेजारी मुक्कामासाठी झोपडी उभी राहिली होती. कारेलची साठी उलटली होती, पण धारेवर त्याची सर दुसऱ्या कोणाला नव्हती.

१८९० च्या ऑगस्टमध्ये लेओने सिनिगालिया हा तुरीनचा बावीस वर्षांचा तरुण त्याच्याकडे आला. ब्रॉयहून शिखरावर जाऊन झर्मॅटला उतरावे, असा त्यांचा बेत ठरला. शार्ल गोरे हा वाटाड्या त्यांच्याबरोबर होता. २३ तारखेला ते झोपडीपर्यंत चढून गेले. तोच आभाळ फिरले. विजांचा कडकडाट सुरू झाला, मग गारा आणि मग बर्फ. पाहता पाहता सारी धार पांढरी झाली. एक रात्र गेली, दुसरीही गेली. वादळ थांबण्याचे चिन्ह दिसेना. गारठ्याने झोप लागेना, जळण सरत आले, शिधाही संपत चालला. आणखी थांबणे म्हणजे तेथेच गोठून जाणे होते. २५ तारखेच्या सकाळी कारेलने उतरण्याचा निर्णय घेतला.

नेहमी काही तासांत उतरून होणारी ती वाट; पण त्या दिवशी तिचा एकही खडक ओळखीचा राहिला नव्हता. धारेवरील दोर बर्फाने जाड आणि कडक झाले होते. खोबणी बुजल्या होत्या. डोळे उघडू देत नाही असा वारा होता. कारेल बर्फ खोदीत, दोर मोकळे करीत, वाट काढीत राहिला. या धारेवर तेहतीस वर्षांत त्याचे पाय किती वेळा पडले असतील याची गणती नाही. ती सारी ओळख त्याने त्या दिवशी पणास लावली. त्याची शक्ती ओसरत चालल्याचे सोबत्यांच्या ध्यानात येऊ लागले होते, तरी धोक्याची जागा मागे पडेपर्यंत त्याने पुढारपण सोडले नाही. दिवस मावळला. अंधारातच ते खिंडीवरून उतरून कड्यांच्या पायथ्याशी आले. आता खाली कुरणांपर्यंत कोठेही मोठा धोका उरला नव्हता.

तेथे कारेलचे पाय लटपटले. तो पडला, उठला, पुन्हा पडला. गोरे आणि सिनिगालिया यांनी त्याला आधार देऊन उभे करण्याचा प्रयत्न केला, हातपाय चोळून ऊब आणून पाहिली. सर्व उपाय थकले. मध्यरात्रीच्या सुमारास बर्फावरच त्याने प्राण सोडला.

पहाटे ते दोघे खालच्या वस्तीत येऊन पोहोचले. सिनिगालियाने ही हकीगत पुढे सविस्तर लिहिली. तो नामवंत संगीतकार झाला आणि आपल्या प्रांतातील लोकगीतांचा त्याने मोठा संग्रह केला. १९४४ साली, ज्यूंची धरपकड चालू असताना, नाझींचे शिपाई त्याला पकडावयास आले, त्या वेळी हृदय बंद पडून त्याचा अंत झाला. कारेल जेथे पडला तेथे एक क्रूस उभारलेला आहे. ब्रॉयहून मॅटरहॉर्नकडे निघालेले प्रवासी आजही त्याच्याजवळून जातात. कड्यांची चढण त्याच्यापुढे सुरू होते.